बॉनेटखालचा सैतान

पोरी, जरा कान इकडे कर. यहूद्यांना शिव्या घालणारा तो मेसेज आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर तूच टाकलास ना? अगं, तुझ्यासारखाच एक भाऊ मला धुळ्याच्या एसटीत भेटला होता. पारोळ्याजवळ गाडी बंद पडली, तर हा प्रार्थना म्हणत बॉनेटवर तेल चोळून सैतान काढायला लागला! वर म्हणे, “आक्का, बठ्ठा यहूदी सैतानना शेतस.” म्हणजे सगळेच यहूदी सैतानाचे!

मी म्हटलं, “भाऊ, ज्याच्या नावानं सैतान काढताय, तो येशू कोणाच्या पोटी जन्मला? मरिया यहूदीच ना?”

“ते येगळं शे,” म्हणत तो बाटलीचं बूच लावत बसला.

इंजिन मेकॅनिकनं सुरू केलं. सैतान तिथं नव्हताच, याच्या जिभेवर आरामात बसला होता.

तू तो मेसेज आधी काढ. मग रविवारी ये, भरीत करते.