आभाळाला बांधलेला दोर

"आभालाला दोर बांदतंय का कोन?" असं ओरडून त्याने रिमोट माझ्या टेबलावर आपटला. ती आमची पहिली ओळख.

पनवेलला स्टँडमागे माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एका सुपरहिरोचा पिक्चर आला, मागोमाग त्यावरून गेम आला. हिरो दोर फेकत इमारतींमधून झोके घ्यायचा. पण दोर कशालाच अडकत नसे, नुसता वर आभाळात जाई. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. या चाळिशीच्या बाप्याला मात्र ते सहन होईना. तो नेऱ्याकडचा. खारघरच्या टॉवरांना झुल्यावर लटकून बाहेरून रंग मारायचा.

पुढच्या पिक्चरच्या गेममध्ये अख्खं शहर मोकळं, कुठेही फिरा. आणि दोर इमारतीलाच चिकटायचा. "हां! आता याला आक्कल आली," म्हणत त्याने मला चहा पाजला. मग दर सुट्टीला स्वारी हजर. गुंडांना मारणं नाही, काही नाही, नुसते झोके. मागून पोरं बोंबलायची, "काका, मारा ना त्याला!"

"थांब रं. आदी दोर बगू दे."

गुंड बिचारे ताटकळत उभे!

साइटवरही त्याचं हेच. झुल्याचा दोर वेगळा, कमरेचा वेगळा. दोन्ही असल्याशिवाय तो झुल्यावर पाय ठेवायचा नाही, दुसऱ्यालाही ठेवू द्यायचा नाही. मुकादमाच्या डोळ्यांत तो सलायचाच.

पुढचं त्याच्या मेव्हण्याने मला सांगितलं. बेलपाड्याजवळच्या टॉवरवर कमरेचे दोर आलेच नव्हते. हा अडून बसला. मुकादम म्हणाला, "तू नको चढू. तुझा मेव्हणा चढेल." मेव्हणा कामाला नवा, झुल्यावर कधी बसलेला नाही. मग हाच चढला. झुल्याचा दोर तुटला.

आणि मुकादम, ठेकेदार, त्या हरामखोरांनी पोलिसांना काय सांगावं? गेमचं वेड होतं, हिरोसारखी उडी मारायला गेला! लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. हवालदार चौकशीला आले ते माझ्या दुकानात. मी ओरडलो, "अहो, तो माणूस गेममध्येसुद्धा आधी दोर बघायचा!" ते म्हणाले, "आवाज खाली." आयांनी पोरांना दंडाला धरून दुकानातून ओढून नेलं. गेमवर बंदी हवी म्हणून शहाण्यासुरत्या लोकांनी सभा घेतली. तुम्हीही कदाचित तिथे टाळ्या वाजवल्या असतील. अरे, कमरेचा दोर कुठे होता, एवढं तरी त्या मुकादमाला विचारायचं! कुणी विचारलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको भावाला घेऊन दुकानात आली. "ते काय खेलायचे, दाखव मना."

मी गेम लावला. हिरोला उंच इमारतीवरून सोडलं. दोर चुकला आणि हिरो धाडकन रस्त्यावर आदळला.

"मेला?" तिने विचारलं.

"नाही वहिनी. मेला तरी पुन्हा उभा राहतो."

पडद्यावर हिरो उठला आणि चालायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मंग त्या मुकादमाला सांग," ती म्हणाली, "यालाच चढवायचा व्हता."