दुसरा पडला

माया लहान भाऊ उत्तमसिंग एसटीत कंडक्टर आहे. सत्तावीस वर्सं झाली. भाऊ आहे म्हणून सांगून नाही राह्यलो, पण दिग्रस ते पुसद रोडवर कोणत्याही फाट्यावर उभे राहा अन् विचारा, बापा, चांगला कंडक्टर कोणता. लोक उत्तमसिंगचं नाव घेतीन अन् मंग म्हणतीन, देवीलालचा भाऊ. देवीलाल म्हणजे मी. मी सातवी शिकलो, थो बारावी पास झाला. त्याले शाळेत मीच टाकलं. नाल्याले पूर असला का खांद्यावर बसवून नेत होतो. आमच्या तांड्यातून सरकारी नोकरीत लागलेला पयला माणूस थोच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मंग मधात सांगा लागत नाही.

आमचा तांडा मेन रोडपासून तीन किलोमीटर आत आहे. नाला ओलांडला का चढाव लागते, चढाव संपला का बाजूले टेकडी, अन् मंग तांडा. आमच्या लहानपणी एसटी आत येत नव्हती. मेन रोडवरून जायची तेव्हा तिचा आवाजच फक्त यायचा. उत्तम तेव्हा सहा-सात वर्सांचा असन. जेवणाची थाळी हातात धरून थो तांडाभर पळायचा, अन् तोंडानं गाडीचा आवाज काढायचा. नुसतं घुर्र घुर्र नाही. पयला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर येगयेगळे. आमची याडी, म्हणजे माय, म्हणे, "याच्या पोटात इंजिन आहे का काय रे, दोन भाकरी खाऊन बी मांगतेच." तांड्यातल्या बाया त्याले थांबवून विचारत, "काय रे, पुसदले जाते का ही गाडी?" थो म्हणे, "जाते, पण सुट्टे पैसे पाह्यजे."

मंग थो खरंच कंडक्टर झाला अन् त्याच्या डोक्यात एकच खूळ बसलं. एसटी तांड्यात आणाची. अकरा अर्ज केले त्यानं. डेपोवाले म्हणत, रस्ता नाही. रस्ता झाला तर म्हणत, माणसं नाहीत. उत्तमनं काय केलं, एका सकाळी तांड्यातली बावीस माणसं घेऊन पायी फाट्यावर गेला अन् डेपोच्या साहेबांची जीप येणार होती त्या येळेले सगळ्यांले लाइनीत उभं केलं. त्यात मी सगळ्यात पुढं होतो. साहेब उतरले, म्हणाले, "हे काय आहे?" उत्तम म्हणे, "साहेब, ही माणसं आहेत." दोन महिन्यांनी फेरी चालू झाली. सकाळी सात-दहा, तांडा ते पुसद. कंडक्टर उत्तमसिंग, ड्रायव्हर दिग्रसचे जफरभाई.

पयल्या दिवशी बायांनी गाडीले हळद-कुंकू लावलं, अन् जफरभाईच्या कपाळाले बी लावलं. थे पुसदपर्यंत तसेच गेले.

आता चढावाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. नाल्यावरून गाडी तिसऱ्यात यायची. चढावाच्या अर्ध्यात तिचा दम तुटे. मंग जफरभाई क्लच दाबत, मधातच एक बारीक रेस देत, हुंऽऽ असा, अन् मंग दुसरा गिअर टाकत. थो आवाज अख्ख्या तांड्यात आयकू यायचा. तिथून गाडीले थांब्यावरच्या लिंबाखाली याले चार मिनिटं लागत. कोणत्याही घरून लिंबापर्यंत तीन मिनिटांचा रस्ता. म्हणून तांड्यात घड्याळाकडं कोणी पाहातच नव्हतं. दुसरा पडला का निघाचं.

"दुसरा पडला का व?"

"नाही, तिसऱ्यातच आहे अजून, वेणी घाल."

असं वीस वर्सं चाललं. लग्नात नवरदेव निघाला तरी लोक म्हणत, चला, दुसरा पडला. माही नात अर्पिता बोलाले शिकली तेव्हा तिचा तिसरा का चौथा शब्द 'दुसला' होता. मधात गाड्या बदलल्या, जफरभाई नाही बदलले. अन् गाडी कोणतीही असो, हात त्यांचा होता, म्हणून आवाज बी थोच.

मंग थे पंधरा वर्सांचं आलं. सरकारी गाडी पंधरा वर्सांची झाली का मोडीत काढाची, असा दिल्लीचा नियम. आमची गाडी पंधरा वर्सांची झाली, अन् जफरभाई अठ्ठावन्नचे झाले. दोघंही एकाच महिन्यात गेले. एक घरी, एक भंगारात.

त्यांच्या जागी बॅटरीची बस आली. पांढरी, खालून हिरवी, काचा बंद, आत थंडगार. धूर नाही, धक्का नाही. मी वाईट नाही म्हणत. पयल्याच दिवशी मी बसून आलो, पोटातलं पाणी हाललं नाही. मांगच्या सीटवर बसून आमच्या बाया ओकत होत्या जुन्या गाडीत, थे बंद झालं. ड्रायव्हर कंपनीचा होता, अंकुर नावाचा, अमरावतीकडचा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा. कंडक्टर मात्र एसटीचाच पाह्यजे, म्हणून उत्तम राह्यला.

पण त्या गाडीले गिअरच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी लिंबाखाली आली, वळली, गेली. चढली माणसं तीन. अर्पिता घरात केस विंचरून राह्यली होती. म्हणे, "आजोबा, अजून दुसरा नाही पडला." मी बाहेर येऊन पाह्यलं तर गाडी नाल्यापलीकडं. रुक्माकाकी, अठ्ठ्याहत्तरची, कोपरापर्यंत बांगड्या, आठ दिवसातून दोनदा पुसदले भाजी घेऊन जाते, थे तर दारात टोपली घेऊनच बसली होती. गाडी तिच्या पाठीमागून गेली अन् तिले पत्ता नाही.

अंकुरनं हार्न वाजवून पाह्यला. पण हार्न ट्रॅक्टरवाले, मोटारसायकलवाले दिवसभर वाजवतात. हार्नवर कोणी भाकर टाकून उठत नाही. उत्तम म्हणे, "थांबून घे न बापा दोन मिनिटं." अंकुर म्हणे, "काका, इथं थांबलो का तिकडं आफिसात पडद्यावर गाडी लाल दिसते." वरून ही गाडी चढावावर दमतच नव्हती, तर सातलेच येऊन जाये.

महिना संपला. साहेबांनी उत्तमले बोलावलं. म्हणाले, तांड्यातून माणूसच चढत नसन तर गाडी तीन किलोमीटर आत कायले पाठवाची. अजून एक महिना पाहू. नाहीतर फाट्यावरूनच सरळ काढू.

त्या दिवशी उत्तम घरी आला तर जेवला नाही. मी म्हटलं, "काय झालं बे?" म्हणे, "भिया, बावीस माणसं दाखवून आणलेली फेरी. मी रिटायर व्हाच्या आधी मायाच हातानं बंद होते का काय."

मी म्हटलं, "लोकायले सांगून देऊ, घड्याळ पाहा म्हणून."

"सांगितलं. दोन दिवस पाह्यलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कान देऊन बसले. त्यांचा दोष नाही. मी सोता बी गाडीत बसून दुसऱ्याचीच वाट पाहातो."

मी मोठा भाऊ आहे. असं त्याचं तोंड मले पाहावत नाही. आमच्या सेवालाल महाराजांच्या देवळावर भोंगा आहे, अन् त्या भोंग्याची चाबी माह्याजवळ. पंधरा वर्सांपासून सकाळचं भजन मीच लावतो. मी म्हटलं, "दुसरा पाह्यजे न? मंग दुसरा भोंग्यावर वाजवू. तू नाल्यावर आला का मले मिसकॉल दे, मी बटन दाबतो." असं डोकं मले कधी कधी चालते.

उत्तम म्हणे, "अन् आवाज कोठून आणशीन? गाडी तर भंगारात गेली."

मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. थो समजला.

"येडा झाला का भिया. चोपन्न वर्सांचा आहे मी."

पण मी सांगितलं का थो आयकते. पोळ्याच्या सुट्टीत अर्पितानं मोबाईल धरला अन् उत्तमनं आवाज काढला. दुपारी आम्ही थो भोंग्यावर लावला. कोणी घराबाहेर आलं नाही. रुक्माकाकी तेवढी ओट्यावरून म्हणे, "कोणाचा ट्रॅक्टर फसला व?"

मंग मी दिग्रसले गेलो अन् जफरभाईले घेऊन आलो. रिटायर होऊन दीडेक महिना झाला होता, थोडे सुटले होते. माही बायको जमनी हिनं चहा केला. जफरभाईनं रेकॉर्डिंग आयकलं, कप खाली ठेवला अन् म्हणाले, "मियां, ये तो तीसरा है. अन् मेरी रेस किधर गई?"

उत्तम म्हणे, "रेस दिली न."

"पुरी नहीं दी. क्लच दबाके बीच में सांस लेते न आपन. थो सांस तू खाऊन गेला."

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची अंगणाच्या मधात घेतली. बसले. दोन्ही हात समोर, गोल चाक धरल्यासारखे. डावा पाय थोडा उचललेला. डोये मिटले. जमनी हसाले लागली, मंग तिनं पदर तोंडाले लावला. जफरभाई म्हणाले, "नाला गेला. चल." उत्तमनं तिसरा काढला. जफरभाईचं अंग हळूहळू मांगं झुकू लागलं, चढावावर झुकते तसं. त्यांचा डावा पाय खाली गेला. उजवा पाय हळूच दाबला. उत्तमनं हुंऽऽ केलं. हात खट्कन मांगं आला, अन् उत्तमच्या गळ्यातून दुसरा निघाला.

माया आंगावर काटा आला. मी त्या चढावावर लहानपणापासून चाललो आहे, तरी.

अर्पिता म्हणे, "झालं रेकॉर्ड."

दुपारचे चार वाजले असतीन. मी म्हटलं, भोंग्यावर लावून तर पाहू. लावला. अन् पाहातो तर काय, रुक्माकाकी टोपली डोक्यावर घेऊन लिंबाकडं निघालेली. त्या येळेले गाडी नसते, टोपलीत भाजी बी नव्हती. पण निघाली. तिच्या मांगून अजून दोघी. लिंबाखाली जाऊन उभ्या राह्यल्या अन् रस्त्याकडं पाहू लागल्या. मंग रुक्माकाकी वापस आली अन् अंगणात जफरभाई बसलेले पाहून म्हणे, "तू इथं, मंग गाडी कोठी लावली रे?"

जफरभाईनं रुमालानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून चालू केलं. पयल्या दिवशी भोंग्याचं बटन अन् माया मोबाईल म्या जमनीकडं दिला अन् सोता भल्या पहाटे मोटारसायकलवर फाट्यावर जाऊन गाडीत बसलो. मले पाहाचं होतं. अंकुरले आम्ही काही सांगितलं नव्हतं, काहून का थो म्हणला असता नियमात नाही. नाल्यावर उत्तमनं खिशातल्या खिशात मिसकॉल दिला. गाडी चढावाले लागली. आत काही आवाज नाही, फक्त थंडी हवा.

अन् दुसरा पडला.

अंकुरच्या बाजूची काच उघडी होती. आमचा भोंगा टेकडीकडं तोंड करून आहे, आवाज टेकडीवर आपटते अन् मांगून आल्यासारखा वाटते. अंकुरनं आरशात पाह्यलं. पुन्हा पाह्यलं.

"काका, मांगून कोणती गाडी येऊन राह्यली? डिझेल दिसते."

मी तोंड खिडकीकडं केलं. उत्तम त्याच्या जागेवर, दांड्याले धरून उभा होता. म्हणे, "जुनी गाडी आहे. जफरभाईची."

"आरशात तर दिसत नाही."

"चढावावर आहे अजून."

"साईड देऊ का?"

उत्तमनं मांगच्या काचेतून पाह्यलं. मंग म्हणे, "दे."

अंकुरनं गाडी डाव्या अंगाले घेतली, हळू केली. रस्ता मोकळा होता, मांगं पुढं काही नाही. पाच-सात सेकंद आम्ही तसेच गेलो. मी उत्तमकडं पाह्यलं तर थो खिडकीतून उजवीकडं पाहून राह्यला होता, गाडी पुढं जाताना पाहातो तसा.

लिंबाखाली आलो तर एकोणीस माणसं उभी. पुढं रुक्माकाकी. चढली, टोपली ठेवली, ड्रायव्हरकडं पाह्यलं अन् उत्तमले विचारलं, "जफर काहून दिसत नाही? आताच तर आयकला."

"मांगून येऊन राह्यले काकी. तू बस."

महिन्याअखेर साहेबांनी आकडे पाह्यले अन् फेरी कायम केली. कागदावर लिहून मांगितलं, का तांड्याहून प्रवासी एकाएक वाढाचं कारण काय. उत्तमनं फार्म माह्यासमोर भरला. बारावी पास माणूस, अक्षर मोत्यासारखं. कारणाच्या खान्यात दोनच शब्द लिहिले: दुसरा पडला.

साहेबांनी अजून काही विचारलं नाही. उत्तमच्या नोकरीले चार वर्सं आहेत. रोज सातच्या आसपास माया मोबाईल एकदा वाजते, मी उचलत नाही.