हमरापूर ते कोइमतूर: लेकीची गाडी, मामाची डबी आणि माझा फोम

पेणजवळच्या आमच्या हमरापुरात मुलगी बावीस वर्षांची झाली की बायका विचारतात, "स्थळं बघताय ना गो?" आमच्या प्राचीबद्दल मात्र विचारतात, "अजून गाडीच फिरवते का ती?" फिरवते! आणि आता तर शर्यतीच्या ट्रॅकवर फिरवते. माझ्या पोरीचं कौतुक मी नाही करायचं तर कुणी करायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा गणपतीचा कारखाना आहे. मी मूर्तींचे डोळे रंगवते, आमचे हे साचे नि टेम्पो बघतात, आणि लायसन मिळाल्यापासून मूर्तींचा टेम्पो प्राची चालवते. पनवेल, कल्याण, नाशिक. वडखळच्या बाजूला खड्डे कसे असतात ते इकडून गेलेल्यांना सांगायला नको. त्यातून भरलेला टेम्पो न्यायचा नि उतरवताना एकाही बाप्पाच्या कानाचा टवका उडालेला नसावा, हे तिचं शिक्षण. तिच्या शेजारी बसलं की पोटातलं पाणी हलत नाही.

गेल्या वर्षी तिनं कोइमतूरला ट्रॅकवर चालवायचा कोर्स केला. यंदा पुण्याच्या एका टीमनं सांगितलं की नव्या मोसमासाठी एक नवा चालक घ्यायचाय, इच्छुकांनी ट्रॅकवरच्या आपल्या फेऱ्यांचा व्हिडिओ आणि गाडीचा डेटा शनिवारपर्यंत पाठवा. जागा एकच. आमच्या हातात ट्रॅकचा एकच दिवस होता, शुक्रवारचा. माघी गणपतीची गडबड नुकतीच संपली होती. मी म्हटलं, मी येते.

"तू जाऊन काय करनार?" इति आमचे हे. "आनि टेम्पो सांभाळून नेते म्हनून तिला शर्यतीत कोन घेतंय? तिथं जोरात जायचं असतं."

"बघू ना," मी म्हटलं. खरं तर माझ्याही मनात तेच होतं, पण ते त्यांना कशाला सांगा?

पहिला मुक्काम: रोहा

मंगळवारी आधी रोह्याला गेलो, माझ्या धाकट्या भावाकडे. हमरापूरहून वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंडीतून उतरलं की रोहा. खिंडीचा रस्ता वळणांचा पण सुरेख. भाऊ रोह्याच्या एका कंपनीत मीटर नि सेन्सर बघतो. गाडीचा डेटा कशानं टिपायचा ते इंटरनेटवर बघून बघून प्राचीची मती गुंग झाली होती. एक डबी पन्नास हजारांची, एक पाचाची, एक ॲप फुकट. म्हणून मामाला गाठायचं ठरलं.

मामा पहिली शिफ्ट करून आला होता. अंगणात पोपटीचं मडकं लावलेलं, वालाच्या शेंगा भाजल्याचा वास सुटलेला. शेंगा सोलता सोलता मामानं विचारलं, "तुला मोजायचं काय हाय? ते आधी बोल. मीटर मागनं."

प्राची म्हणाली, "फेरीला किती वेळ लागला. ब्रेक कुठं मारला. वळणात गाडी किती झुकली. आणि माझे हात दिसायला पाहिजेत."

"मग फुकटचं ॲप चालंल, पन मोबाईलचा जीपीएस नाय चालनार. तो सेकंदाला एकदा वाचतो. शंभरच्या स्पीडला तू सेकंदात सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढं गेलेली असतेस. वळन संपलं तरी त्याला पत्ता नाय!"

तर तुम्हीही याच वाटेवर असाल तर मामाचा सल्ला तुमच्यासाठीही. मोबाईलला जोडायची वेगळी जीपीएस डबी घ्या, सेकंदाला दहा वेळा वाचणारी. आत गाडीचे झटके मोजणारा सेन्सरही असला पाहिजे. मामानं ओळखीतून जुनी मिळवून ठेवली होती, पंधराएक हजारांत. स्वतःचा पडदा असलेली महागडी यंत्रं चांगलीच असतात, चालवतानाच सांगतात की तू मागच्या फेरीपेक्षा पुढे आहेस की मागे. पण सुरुवातीला नजर रस्त्यावर राहिलेली बरी. कॅमेऱ्यावर आधी पैसे ओतू नका. साधा, रुंद दिसणारा ॲक्शन कॅमेरा दोन सीटच्या मधे लावला की रस्ताही दिसतो नि हातही. त्यातली चित्र स्थिर करायची सोय मात्र बंद करा, नाहीतर चित्र गाडीच्या उलट नाचतं. मेमरी कार्ड दोन ठेवा.

निघताना मामानं डबीबरोबर एक लोखंडी पट्टी नि चार स्क्रूही पिशवीत टाकले. मी ते डिकीत सारले. इतक्या नाजूक वस्तूला स्क्रू मारतात होय? कारखान्यात मूर्ती बांधायचा फोम होताच. घरी येऊन डबीला डॅशबोर्डवर असं मऊ घरटं केलं की बाप्पाच्या सोंडेलाही हेवा वाटावा. कॅमेऱ्याच्या क्लॅम्पखालीही दुहेरी फोम. आयुष्यभर नाजूक माल पाठवलेली बाई मी. मला कोण शिकवणार?

दुसरा मुक्काम: दावणगेरे

बुधवारी पहाटे निघालो. पेणहून खोपोली, पुणे, सातारा, कोल्हापूर, पुढे सरळ बेळगाव, हुबळी. एकूण तेराशेच्या आसपास किलोमीटर आहे. एका दमात करू नका, ज्या गाडीनं ट्रॅकवर उतरायचंय तीच घेऊन जाताय हे लक्षात ठेवा. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पेणचे पापड. पापड धाब्यावर भाजून मागितले तर आनंदानं भाजून देतात, हा माझा अनुभव. संध्याकाळी दावणगेऱ्याला लोण्याचा डोसा खाल्ला. एक खाऊन थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आम्हीही थांबलो नाही. खोली पंधराशेत स्वच्छ मिळाली. गुरुवारी बंगळूरला बगल देऊन सेलमवरून अंधार पडता पडता कोइमतूर.

ट्रॅक

शुक्रवारी सकाळी ट्रॅकवर आधी गाडी तपासतात. हेल्मेट, ब्रेक, ओढायचा हुक, आत काही सुटं नाही ना. कॅमेऱ्याला पडला तरी लोंबकळेल अशी दोरी बांधलेली लागते. शेजारच्या सीटवर मला बसू देत नाहीत, म्हणून मी भिंतीआड उभी. प्राची पहिल्या वेळेला बाहेर पडली. गाड्या अशा जात होत्या की कानाचे पडदे फाटतील. पण आमची निळी गाडी वळणात शिरली की मला ओळखू येत होती. गचका नाही, हिसका नाही.

शेजारच्या गॅरेजात कोल्हापूरचा संग्राम म्हणून एक तरुण होता, चांगला चार वर्षं शर्यती केलेला. प्राची परत आल्यावर त्यानं लॅपटॉपवर तिचा डेटा उघडून दिला. पडद्यावर झटक्यांची रेघ, आणि रेघ कसली, नुसतं गवत! वर-खाली, वर-खाली.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण ताईंचा हात ठरत नाही वो स्टिअरिंगवर. सारखी दुरुस्ती चाललीया. टीमवाल्यांनी हे बघितलं की विषय संपला."

प्राची हेल्मेट मांडीवर घेऊन टायरवर बसून राहिली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "आई, बाबा बोलले तेच खरं. टेम्पो वेगळा, हे वेगळं."

माझं डोकंच फिरलं. माझ्या पोरीचा हात ठरत नाही? बाकी काहीही बोला! मी संग्रामला म्हटलं, "तो व्हिडिओ लाव रे बाबा. मला बघू दे तिचे हात."

आवाज बंद करून बघितलं. सरळ रस्ता होता, प्राचीचे हात स्टिअरिंगवर शांत. पण डॅशबोर्ड, समोरचे डोंगर, अख्खं चित्रच मान डोलवत होतं. पुढे बघितलं. गाडी परत येऊन उभी राहिली, प्राचीनं हेल्मेटचा बंद सोडला, तरी चित्र आपलं दोनदा हललं.

आणि माझ्या लक्षात आलं. टेम्पोत पेंढा सैल भरला की अस्संच होतं. गाडी थांबते, मूर्ती डुलत राहते.

"अगो बाय! प्राची, तुझा हात नाय हलत गो, माझा फोम हलतोय!"

संग्राम धावत गाडीपाशी गेला, डबी बोटानं दाबली, ती गादीवर बसल्यासारखी खाली-वर झाली. त्याला हसू आवरेना. "मावशी, सेन्सरला गादी घातली व्हय! त्याला गाडीचा धक्का लागायलाच पाहिजे, तेच तर तो मोजतोय!"

मी मेली जन्मभर धक्का लागू नये म्हणून धडपडले, आणि इथे धक्का मोजायला आणलेल्या वस्तूलाच पांघरूण घातलं. लाज वाटली, हसूही आलं, आणि सगळ्यात जास्त काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. दोष माझा निघाला, पोरीचा नाही.

मग डिकीतून मामाची पट्टी नि स्क्रू काढले. संग्रामनं डबी सीटच्या लोखंडी पायाला पक्की आवळून दिली. हलवून बघितलं तर गाडी हलेल, डबी नाही. कॅमेऱ्याखालचा फोम मी स्वतः उपटून काढला. तुम्ही जाल तेव्हा हे एवढं एक लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

दुपारी प्राची पुन्हा उतरली. परत आली तेव्हा मी लॅपटॉपच्या आधी तिचं तोंड बघितलं, ते उजळलेलं होतं. पडद्यावर रेघ आली. मी डोळे रंगवते, एका दमात ओढलेली रेघ मला कळते. ब्रेकला भरून चढत गेलेली, वळणात तोललेली, बाहेर पडताना अलगद उतरलेली. संग्रामनं तिच्या सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवल्या, तर रेघ एकच दिसत होती.

त्यानं रेघ पुन्हा एकदा मोठी करून बघितली. मग म्हणाला, "माझी फेरी हिच्यापेक्षा सेकंदभर जोरात आहे. पण माझ्या दोन फेऱ्या कधी अशा जुळल्या नाहीत. शिकली कुठं ही?"

"वडखळला!" मी म्हटलं.

संध्याकाळी खोलीवर बसून प्राचीनं व्हिडिओ नि डेटा एकत्र जोडून पाठवून दिला. माझ्या छातीत अभिमान मावत नव्हता. जागा मिळो न मिळो, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

घर

रविवारी संध्याकाळी हमरापूर. पाय सुजलेले, गाडीत चटणीचा वास, नि एका खोक्यात कोइमतूरचे केळ्याचे वेफर्स. आमच्या ह्यांनी विचारलंच नाही कसं झालं ते. साच्याला तेल लावत बसले. शेवटी मीच मोबाईल त्यांच्यासमोर रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला नि व्हिडिओ लावला.

बघता बघता त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाऊ लागला. प्रत्येक वळणाआधी ब्रेक! तिच्या किती आधी मारायचे! दोन फेऱ्या असंच चाललं. मग त्यांचा पाय तिच्याबरोबरच दाबायला लागला. नंतर बघितलं, तर पाय स्वस्थ पडलेला, आणि हात तेलाचे तसेच हवेत.

माझं म्हणाल तर या प्रवासातून माझ्याकडे हेच राहिलंय. तो थांबलेला पाय.

तेवढ्यात प्राचीचा फोन वाजला. ती अंगणात गेली, "हो सर, हो सर" करत राहिली, नि आत आली ती रडत-हसत. "आई, घेतलं मला! सगळ्यात जोरात नाय गेले मी, पन दर वेळी सारखी जाते म्हनून घेतलं!"

मी अशी ओरडले की शेजारचा कारखाना बाहेर आला. ह्यांचा दंड धरून हलवला, "अहो, ऐकलंत का? पोरीला घेतलं!"

त्यांनी मोबाईलवरची नजर काढली नाही. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच.

"गप गो," ते म्हणाले. "वळन येतंय. घेऊ दे तिला."