उज्ज्वलाताईंचा तंबू

उज्ज्वलाताईंना पाहण्याआधी मी त्यांचा आवाज ऐकला, तोही एका तंबूतून. भांडुपच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीशेजारी एक हिरवा तंबू उभा. त्याच्या दोऱ्या विटांना बांधलेल्या. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यावर बादलीनं पाणी ओतत होते. आतून कुणीतरी बाई सांगत होती, "मधे नको रे, शिवणीवर ओत. शिवणीवर."

थोड्या वेळानं चेन उघडून एक आखूड केसांच्या बाई रांगत बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओला झालेला गुडघा दाखवला. "नवीन ना तू? हे बघ. जाहिरातीत म्हणे वादळात टिकतो. दोन बादल्यांत रडायला लागला. हा परत जाणार."

मला वाटलं, हौस आहे. नंतर त्यांच्या घरी चहाला गेले तेव्हा कळलं की ही हौस नव्हती.

त्यांच्या हॉलची एक भिंत दिसतच नव्हती. जमिनीपासून छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी रचलेली, आणि खोक्यांत पाण्यासारख्या द्रवाच्या पिशव्या. उज्ज्वलाताईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. पोटात एक नळी बसवलेली होती. पिशवी उंचावर टांगायची, द्रव पोटात सोडायचा, काही तासांनी शरीरातली घाण शोषलेला तो द्रव दुसऱ्या पिशवीत काढून नवा भरायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, रोज. जंतू आत गेले तर जिवावरचं काम. म्हणून आतल्या लहान खोलीत हे चालायचं. तिथली खिडकी चिकटपट्टीनं बंद केलेली, पंखा बंद, तोंडाला मास्क. मे महिन्यात त्या खोलीतून बाहेर आल्या की ताई नळाखाली डोकं धरायच्या.

आजारपणाआधी त्या मुलुंडच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगची तपासणी करायच्या, आणि सुटी मिळाली की मोटारसायकल काढायच्या. कोकण, सातपुडा, थेट स्पितीपर्यंत जाऊन आलेल्या. ती जुनी जड गाडी आता खाली पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून उभी होती. गच्चीपलीकडे त्यांना आता कुठे जाता येत नव्हतं. पुढची पिशवी भरायची वेळ होईपर्यंत जेवढं लांब जाता येईल, तेवढंच त्यांचं जग.

प्रकाशभाऊ, म्हणजे गच्चीवर पाणी ओतणारे त्यांचे यजमान, सरकारी कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडून घरी बसले होते. खोली पुसायची, खोकी मोजायची, ताईंचे हात कोपरापर्यंत धुतले गेले की नाही ते पाहायचं. भाजीसुद्धा ते घाईघाईनं आणायचे. एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "दोन वर्षांत काही झालं नाही बघा. एकदाही नाही." हे सांगतानाही त्यांचं लक्ष वरच्या मजल्याकडे होतं.

तंबूची कल्पना ताईंचीच. डॉक्टरांना त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते की जागा स्वच्छ, बंद आणि वारा न येणारी असेल तर घरच पाहिजे असं नाही. "म्हणजे मला खोली पाहिजे," ताई मला म्हणाल्या, "गाडीवर बांधता येईल अशी खोली."

पण अशी खोली मिळेना. हलके तंबू मिळायचे, त्यांचं आतलं कापड नुसतं जाळीचं. हवेशीर खरे, पण धूळ सरळ आत. धूळ अडवणारे असायचे, ते इतके बुटके की पिशवी टांगायला उंचीच नाही. उंच असायचे, त्यांचे खांब घडी घालूनही इतके लांब की मोटारसायकलवर आडवे बांधले तर शेजारून रिक्षा जाऊ शकणार नाही. एकाला छताशी टांगायला छान कडी होती. ताईंनी तिला पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली अडकवली आणि जेवायला बसल्या. जेवण होईपर्यंत कडी शिवणीसकट खाली. "बॅटरी टांगायची कडी आहे ती, काकू," तंबूवाला फोनवर म्हणाला. ताई शांतपणे म्हणाल्या, "माझा जीव टांगायचाय तिला. दुसरा दाखव."

कंपनी काय लिहिते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "लिहिणारा वेगळा असतो, शिवणारा वेगळा. मी शिवणाऱ्याशी बोलते," असं म्हणत त्या शिवण नखानं ओढून बघायच्या. टीव्ही बघताना तंबूची चेन मांडीवर घेऊन सारखी उघडबंद करायच्या. कापडात अडकली की तंबू बाद.

शेवटी एक मिळाला. करड्या रंगाचा, डोंगरावर बर्फात वापरतात तसल्या जातीचा. आतलं कापड सलग, तळ जाड आणि कडेनं वीतभर वर आलेला, खांब अॅल्युमिनियमचे, आखूड तुकड्यांचे. वजनाला भारी होता, पण ताई म्हणाल्या, "वजन गाडी उचलेल, मला काय." त्या दिवशी त्या खूश होत्या आणि प्रकाशभाऊ पुन्हा खोकी मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. बॅटरी उतरलेली. दर आठवड्याला गाडी चालू करून ठेवायचं काम प्रकाशभाऊंकडे होतं. मी डबा परत द्यायला गेले तेव्हा दोघं खोक्यांसमोर उभी होती.

"किती दिवस चालू केली नाहीस?"

"लक्षात राहिलं नाही."

"प्रकाश."

ते खोक्यांकडे बघत म्हणाले, "बाहेर कुठे इन्फेक्शन झालं तर मी काय करू? रानात कुणाला हाक मारू?"

"घरात झालं तर जे करशील तेच कर. कुणाच्या तरी गाडीत घाल आणि रुग्णालयात आण."

"घरात होत नाही. मी होऊ देत नाही."

ताईंनी माझ्या हातातला डबा घेतला. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "याला वाटतं मला बाहेर पडायचंय. पडायचंय गं, नाही कशाला म्हणू. पण हा माणूस दोन वर्षांत साधा स्टेशनपलीकडे गेलेला नाही. मी मेले तर हा त्या खोलीतच बसून राहील."

ताईंनी स्वतःच नवी बॅटरी बसवून घेतली, आणि डिसेंबरात आम्ही मुरबाडकडे निघालो. ताईंच्या जुन्या सहकाऱ्याचं तिथे शेत होतं. प्रकाशभाऊ गाडीवर मागे बसायला तयार नव्हते, म्हणून ते माझ्या मोटारीत, मांडीवर पिशव्यांची बॅग. द्रव कोमट राहावा म्हणून तिच्यात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवलेली. पुढे ताई, मागे करडं गाठोडं बांधलेलं. प्रत्येक खड्ड्याला प्रकाशभाऊ स्वतःच्या पोटाला हात लावायचे.

शेतात तंबू ठोकला. ताईंनी हात धुतले, मास्क लावला आणि आत गेल्या. मागोमाग प्रकाशभाऊ वाकले.

"तू कुठे येतोस?"

"मी नेहमी असतो."

"जागा नाही इथे. बाहेर बस."

चेन बंद झाली. ते तंबूभोवती फिरले. कापडावर टांगलेल्या पिशवीची सावली दिसत होती, ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. वारा आला, सावली हलली, की हे दोरी धरायचे. "झालं का?" "नाही." परत, "झालं का?" मग आतून आवाज आला, "प्रकाश, समोर ओढा आहे. जाऊन बघून ये ना कसा आहे तो."

ते गेले. मला वाटलं लगेच येतील. ताईंचं सगळं आवरलं, त्या बाहेर येऊन बसल्या, तरी पत्ता नाही. आले तेव्हा पँट भिजलेली होती. त्यांनी पोटातून निघालेल्या द्रवाची पिशवी उचलून उन्हात धरली. गढूळ दिसला तर इन्फेक्शन. द्रव स्वच्छ होता. "मासे आहेत तिथे," ते म्हणाले.

त्यानंतर त्या दोघांनी पुष्कळ ठिकाणं पाहिली. माझी गरज उरली नाही. प्रकाशभाऊ मागे बसायला शिकले.

इन्फेक्शन झालं ते पुढल्या पावसाळ्यात, घरातच. चिकटपट्टी लावलेल्या, रोज पुसलेल्या त्या खोलीत. पोटातली नळी काढावी लागली आणि ताईंच्या वाट्याला रुग्णालयातलं डायलिसिसचं मशीन आलं. आठवड्यातून तीनदा खुर्चीला बांधल्यासारखं बसायचं. येताना अंगात त्राण नसायचं, हृदयही दमत चाललं होतं. गाडी संपली. प्रकाशभाऊ स्वतःला दोष देत राहिले. ताई म्हणायच्या, "तुझ्या पुसण्याला मी कधी नावं ठेवली? चाललं तेवढं चाललं."

त्या रुग्णालयात कांजूरमार्गची एक तरुण मुलगी भेटली. तिच्या वडिलांना पिशव्यांचा उपचार नुकताच सुरू झाला होता आणि माणूस घरात कोंडून वेडा व्हायची पाळी आली होती. ताईंनी तिची तंबूवाल्यासारखीच उलटतपासणी घेतली आणि तंबू तिला देऊन टाकला. वर प्रकाशभाऊंना हुकूम: "ती वडिलांना बाहेर नेईल, बरोबर जा. ठोकायचा कसा ते दाखव. त्यांच्याबरोबरच राहा, उद्या ये."

"तुझं मशीन आहे उद्या."

"ती येईल," ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

उज्ज्वलाताई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मला तो दुसरा दिवसच आठवतो. त्या खुर्चीत रेललेल्या, एका हातात मशीनच्या सुया, अंगावर माझी शाल. माझा फोन वाजला. प्रकाशभाऊ होते, शहापूरच्या पुढे कुठल्याशा माळावरून. आवाजात वारा भरलेला.

"तिला सांगा, इथे वारा फार आहे. तंबू नुसता फडफडतोय."

ताईंनी मोकळ्या हातानं फोन मागून घेतला.

"मग दोऱ्या ताण," त्या म्हणाल्या. "मला काय विचारतोस? तू आहेस ना तिथे."

आणि फोन कापून त्यांनी डोळे मिटले.