पट्टी वर केली, तरी ताशा दबलेलाच

पथकातल्या मंडळींनो, दुपारपासून जाम घाबरलोय.

नाशिक रोडच्या आपल्या सरावाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर नीट करत होतो. ताशा दबलेला वाटला, म्हणून इक्वलायझरच्या उजवीकडच्या, बारीक, टिपेच्या आवाजाच्या पट्ट्या वर सरकवल्या. पार टोकाला नेल्या, तरी फरक नाही.

तेवढ्यात बायको कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, बंद करा ते! कान फाटतायत!"

मी पट्ट्या पुन्हा खाली-वर केल्या. प्रत्येक वेळी ती दचकली. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

बारा वर्षं ढोल वाजवतोय, कानात कधी कापूसही घातला नाही. आणि दोन महिने ताशावाल्यांनाच झापतोय, "हात चालवा, आवाज येत नाय!"

उद्या डॉक्टरकडे जातोय. खरं सांगा, तुम्हाला ताशा नीट ऐकू येतो ना?