‘येतो’ म्हण

आमच्या घरी बाहेर पडताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. चुकून कोणाच्या तोंडून निघालंच, तर आई त्याला उंबऱ्यातून माघारी बोलावते, घोटभर पाणी पाजते आणि पुन्हा म्हणायला लावते. दळणाला जा, मेहकरच्या बाजाराला जा, नाहीतर हिवरा आश्रम गावाला कोणाच्या लग्नाला जा, निघताना ‘येतो’ म्हणायचं आणि आतून आईचं ‘हाव, ये’ ऐकूनच पायात चपला घालायच्या. जो जातो म्हणून जातो तो परत येत नाही, अशी तिची पक्की समजूत. यावर तिच्याशी वाद घालायला कोणी धजत नाही. मी तर नाहीच.

आमच्याकडे बाईमाणूसही ‘येतो’च म्हणतं. ‘येते’ हे मी पुण्याला होस्टेलवर शिकले. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, “मले भूक लागली, मी जेवून येतो,” आणि खोलीतल्या पोरी पोट धरधरून हसल्या. माझं डोकंच फिरलं. बरेच दिवस एकीशीही धड बोलले नाही. पण मग गुपचूप ‘मले’चं ‘मला’ केलं आणि ‘येतो’चं ‘येते’. तेव्हापासून माझ्या तोंडात दोन भाषा आहेत, एक घरची आणि एक चारचौघांतली.

त्याच पुण्याहून विद्यापीठाने मला एका सत्रासाठी जर्मनीला पाठवलं. विषय माती. ही पोरगी माती शिकायला जर्मनीला चालली म्हटल्यावर गावात सगळ्यांची करमणूक झाली. शेजारचे काका म्हणाले, “आपल्या इथची माती संपली का वं?” आई मात्र हसली नाही. मेहकरच्या स्टँडवर पुण्याची बस लागली तेव्हा आई अंगणवाडीच्या कामावरून तशीच आली होती, तिच्या साडीला खिचडीचा वास होता. मी खिडकीतून ओरडले, “आई, येतो!” ती म्हणाली, “हाव, ये.” एवढंच. बस निघाली तेव्हा ती पदराने चष्मा पुसत होती.

मला खोली मिळाली ती एका लहान गावात, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, घरात एकट्या. खाली दाराजवळच त्यांचं स्वयंपाकघर, त्यावरूनच बाहेर पडावं लागायचं. आठवडाभर मी पहाटेची बस पकडायचे तेव्हा त्या उठलेल्या नसायच्या, आणि यायचे तेव्हा त्यांचं दार लागलेलं असायचं. भेट व्हायची ती रविवारी दुपारी.

रविवार! बाप्पा, काय तो रविवार असायचा. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही, खिळा ठोकायचा नाही. आपल्याकडे दुपारच्या वेळी कोणी काही नाही तर भांडण तरी करत असतं. तिथे माझा स्वतःचा खोकलासुद्धा मला मोठा वाटायचा. वर्गातली पोरं चांगली होती, हसून बोलायची, पण तास संपला की जो तो आपापल्या वाटेने. मी खोलीतल्या शेगडीवरच्या कुकरशी बोलायचे. खरंच सांगते, “हो ना रे बाबा, आता एक शिट्टी दे,” असं मी कुकरला म्हणायचे, आणि त्याने दिली की बरं वाटायचं. खोली खायला उठायची म्हणून मी रविवारी दुपारी नदीकाठाने फिरायला निघायचे आणि अंधार पडेपर्यंत परतायचे नाही.

पहिल्या रविवारी जिना उतरले तर बाई ओट्याशी उभ्या. आता न बोलता घराबाहेर पडायचं, हे माझ्याने होईना. ‘येतो’ला जर्मनमध्ये काय म्हणायचं ते कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून माझं मीच जुळवलं. ‘मी येते’ एवढंच तुटक वाटलं, तर वर्गात सारखा कानावर पडणारा एक लहानसा शब्द शेवटी चिकटवला. आपल्या ‘हं’सारखा असेल, अशी माझी समजूत. बाईंचा चेहरा असा काही खुलला! “छान, छान,” म्हणाल्या. मला वाटलं, चला, या घरात ‘ये’ म्हणणारं कोणीतरी आहे.

पुढच्या रविवारी त्या नुसत्या हसल्या. त्याच्या पुढच्या वेळी मान हलवली. मग तेही गेलं. मी ‘येते हं’ म्हणायचे आणि बाई माझ्याकडे पाठ करून ओटा पुसत राहायच्या, तो पुसून झालेला असला तरी. परतल्यावर समोर आल्या तर नुसता नमस्कार, तोही थंड.

माझ्या मनात काय काय यायला लागलं. फोडणीचा वास येत असेल. माझा रंग आवडत नसेल. मी फोडणी बंद केली. नुसता भात आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी, असं खात बसले. तरी बाईंचं तोंड फुगलेलंच. मग मलाही राग आला. खडूस म्हातारी, म्हटलं, तू तुझ्या घरची राणी. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा रडू जास्त येत होतं. त्या अख्ख्या गावात माझ्याशी बोलण्यासारखं एकच माणूस होतं आणि त्यालाही मी नको होते.

शेवटी आईला फोन केला. “आई, मले नाही जमून राह्यलं इथं. मी येतो.”

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खरंच येऊन राह्यली, का नुसतं ‘येतो’ म्हणून राह्यली?”

“खरंच. सत्र सोडून येतो.”

“त्या बाईनं तुले काही म्हटलं का?”

“काही म्हणतच नाही ना ती! बोलतच नाही.”

“मंग तू विचार. तोंड हाय ना वं तुले? एरवी तं लय चालते.”

मी काय म्हणून विचारू? मी ठरवूनच टाकलं. सोमवारी विद्यापीठाच्या ऑफिसात जायचं, परत जाते म्हणून सांगायचं, आणि मोकळं व्हायचं.

मधला रविवार तेवढा काढायचा होता. सवयीने ‘येते हं’ म्हणाले, उत्तराची वाट न बघता दार ओढलं. कोपऱ्यापर्यंत गेले आणि हात गारठून लाकूड झाले. हातमोजे खोलीतच राहिले होते. चडफडत परत फिरले, दार उघडलं, आणि स्वयंपाकघरात बघितलं तर टेबलावर दोन कप. दोन बशा. मधे आलुबुखारचा केक, एकही तुकडा न कापलेला. बाई सुरी हातात घेऊन बसल्या होत्या.

मला बघून त्या उभ्याच राहिल्या. “आलीस!” त्या म्हणाल्या. “आज खरंच आलीस!”

मी म्हटलं, “हातमोजे विसरले.”

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. सुरी खाली ठेवून, मला कळावं म्हणून त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या. “दर रविवारी तू सांगतेस, लगेच येते. मी कॉफी करते. कॉफी थंड होते. तू येत नाहीस. नको असेल तर नको म्हण. पण लगेच येते असं काऊन म्हणतेस?”

‘काऊन’ हा आमच्याकडचा ‘का’, तो त्या अर्थातच म्हणाल्या नाहीत. पण मला तसंच ऐकू आलं.

आता ग बया! मी ज्याला ‘हं’ समजत होते, तो शब्द म्हणजे ‘लगेच’. मी दर रविवारी या बाईंना ‘आत्ता येते’ सांगून नदीकाठी एकटेपणाचं रडगाणं गात फिरत होते, आणि इथे खाली माझ्यासाठी कप मांडलेला होता. मला हसू आलं, हसताहसता रडू कोसळलं, आणि बाई घाबरून पाणी घेऊन आल्या. घोटभर पाणी. आईसारखंच.

हातमोजे वरच राहिले. मी बसले, केक खाल्ला, आणि मोडक्यातोडक्या भाषेत सगळं सांगितलं. आमच्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. म्हटलं तर माणूस परत येत नाही. बाई मी बसले होते त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. नवरा गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. मग डोळे पुसले आणि एकदम पोस्टातल्या बाई झाल्या. “ठीक आहे,” म्हणाल्या, “येते म्हण. पण किती वाजता, ते पण सांगायचं.”

तोच आमचा रिवाज झाला. मी निघताना माझ्या भाषेत ‘येतो’ म्हणायचे, चांगलं ओकारासकट, तिथे हसायला कोण होतं? बाई विचारायच्या, “किती वाजता?” मी सांगायचे, सहा वाजता, आणि सहाला दारात असायचे. त्या सोमवारी मी ऑफिसात गेलेच नाही. आईला सांगितलं, “नुसतंच येतो म्हटलं होतं.” ती म्हणाली, “मले माहीत होतं.”

एकटेपण पुरतं गेलं असं नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस तसेच होते. पण रविवारी कोणीतरी घड्याळ बघत बसलेलं असायचं.

सत्र संपलं तेव्हा बाई माझी लहान पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या बसस्टॉपपर्यंत आल्या. मी वाकून पाया पडायला गेले, तर त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं, त्याही वाकून शोधायला लागल्या. आमची डोकी एकमेकांवर आपटली. दोघी हसलो. तेवढ्यात बस आली.

सामान चढवलं, दारात उभी राहिले, आणि सवयीने तोंडातून निघालं, “येतो.”

बाईंनीही सवयीनेच विचारलं, “किती वाजता?”

विचारलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पण प्रश्न त्यांनी मागे घेतला नाही, माझ्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने दार लावलं.