चैतूभाऊचा होकार

चैतूभाऊ मोठा हट्टी माणूस. एकदा नाई म्हटलं का नाई! मोहफुलाच्या दिवसात सारं गाव अंधारातच टोपले घेऊन निघे, अन् हा आंगणात बसून मले म्हणे, "कलाबाई, अस्वलाले वेचू दे पहिले, मंग आपण जाऊ." माय वो, असा हासवे!

आमचं गाव धानोऱ्याच्या पल्याड, जंगलात. गावाचं काही ठरवाचं असलं त सारे बसतात, बाया बी. आमी हात मोजत नाई. एक जण बी नाई म्हणत असन, त काम थांबते. त्याले समजवा, नाई त त्याचं ऐका.

गावाजवळ पोलिसाईची चौकी झाली. तिथल्या साहेबानं ठराव मागितला, का जंगलातल्या बंदूकवाल्याईले गावात भाकर नाई, पाणी नाई. "बदल्यात आम्ही तुमचं रक्षण करू. तुमची ग्रामसभा, आमची लोकशाही. आपण एकाच विचाराचे." बोलाले गोड होता. सारे हो म्हणले. चैतूभाऊ एकटा नाई म्हणे.

"तुमी उद्या निघून गेले त? आमाले इथीच राहाचं आहे."

चार दिवस काम अटकलं. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन भांडली. "डोस्क्यात भुसा भरला का तुह्या? ते बंदूकवाले घरोघरी पोरी मागून राह्यले. माही दीपाली पंधरा वर्साची झाली. तिले पाठवू का मी?"

 तो उठला, म्हणे, "चल."

साहेबाले त्यानं एकच अट घातली. "चौकी हलवाची असन त पहिले आमच्यासंग बसा. आमी सारे हो म्हणलो, त जा. तुमच्या साऱ्या लोकाईले मान्य आहे का?"

"सगळ्यांना," साहेब म्हणे.

आमाले वाटलं, त्याईच्यात बी आपल्यासारखंच बसून ठरते. भोळे आमी! कागदावर पहिला अंगठा चैतूभाऊचा लागला.

दीड वर्स बरं गेलं. दीपालीले मी दूर सावली गावाले, मावशीकडे शिकाले धाडली. मंग एका दुपारी चौकीवाले सामानानं ट्रक भरून राह्यले. चैतूभाऊ ट्रकापुढं उभा झाला. "आपण बसलो कुठी?" दोन जणाईनं त्याले धरून बाजूले केलं. संध्याकाळी चौकी रिकामी.

एकोणीस दिवसानं बाजाराच्या वाटेवर बंदूकवाल्याईनं त्याले मारून टाकलं, दिवसाढवळ्या. त्याची बायको गोकुळा रडली बी नाई. माह्याकडे पाहत राह्यली नुसती.

मंग तोच साहेब आला, हार घेऊन. म्हणे, "चैतूभाऊ लोकशाहीसाठी गेले."

माहं डोस्कं फिरलं. "चुलीत घाला ते शब्द! जाच्या आधी आमाले काऊन नाई इचारलं?"

त्यानं मान खाली घातली. हळूच म्हणे, "बाई, आम्हालाच कोण विचारतं? वरून आदेश आला, निघालो."

खोटं बोलत नव्हता तो, तोंडावरून दिसत होतं.   चैतूभाऊले मारणारे ते बंदूकवाले, हाव. पण साऱ्या गावात त्या एकट्याले खरं दिसत होतं, अन् त्याचं ते 'नाई' मीच मोडलं.